जाइक्स आरव्हीएमचं बिल्ड लवकर कसं उरकावं

जाइक्स आरव्हीएम या संशोधनासाठीच्या जावा व्हर्च्युअल मशीनमध्ये (जावा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) एक ओळ बदलली तरी बूट इमेज, म्हणजे ते सुरू होताना लोड होणारा आधीच कंपाइल केलेला गाभा, पुन्हा बांधावी लागते. दरवेळी 'प्रॉडक्शन' हा पूर्ण वेगाचा बिल्ड-प्रकार बांधत बसलात तर चहाचे कप वाढतात, काम नाही.

१. रोजच्या बदलांसाठी 'प्रोटोटाइप' हा प्रकार बांधा. त्यात ऑप्टिमायझिंग कंपायलर (वेगवान कोड बनवणारा, पण स्वतः वेळ खाणारा) नसतो, बूट इमेज साध्या बेसलाइन कंपायलरने तयार होते, म्हणून बिल्ड लवकर उरकतं.
२. ऑप्टिमायझिंग कंपायलरलाच हात लावला असेल तर 'प्रोटोटाइप-ऑप्ट' घ्या, त्यात तो असतो.
३. पॅच पाठवण्याआधी एकदा 'डेव्हलपमेंट'वर चालवा. त्यात असर्शन (कोडमधली गृहीतकं तपासणाऱ्या ओळी) चालू असतात, लपलेल्या चुका तिथेच सापडतात.

वेग मात्र फक्त 'प्रॉडक्शन'वर मोजा. प्रोटोटाइपवरचे आकडे शोधनिबंधात गेले तर फजिती ठरलेली.