गाडी ‘ऑफलाइन’ दिसतेय? डॅशबोर्ड उघडण्याआधीची तयारी

ॲपवर गाडी ‘ऑफलाइन’ दिसली म्हणून लगेच टेलिमॅटिक्स युनिट (गाडीची माहिती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीला पाठवणारा डबा) बदलायला घेऊ नका. नवं युनिट कंपनीच्या सर्व्हरवर त्या गाडीच्या चॅसी नंबरशी जोडावं लागतं. ते होईस्तोवर चांगलं युनिटही मुकंच. म्हणून आधी मालकाला सबस्क्रिप्शनची मुदत विचारा आणि प्रायव्हसी मोड चालू राहिला नाही ना, ते बघा.

मग गाडी उघड्यावर काढा. नागपूरच्या सीताबर्डीतल्या बेसमेंट पार्किंगमधली चाचणी धरूच नका. आउटर रिंग रोडला, आभाळ मोकळं असेल तिथे, इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं थांबा. स्कॅनरवर आरएसआरपी, म्हणजे मोबाइल सिग्नलची ताकद, दिसत असेल तर टिपून घ्या. उणे ९० डीबीएमच्या आसपास ठीक. उणे ११५ च्याही खाली गेलं आणि त्याच नेटवर्कचा फोन शेजारी नीट चालत असेल, तर संशय अँटेनावर. फॉल्ट कोडचे फोटो काढा, मगच ते पुसा. यू०१९८, म्हणजे गाडीतल्या बाकी मॉड्यूलांचा या युनिटशी संपर्क तुटल्याचा कोड, आला तर टॉवरच्या मागे लागू नका. तो वीजपुरवठ्याचा, कॅन वायरिंगचा (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) किंवा खुद्द युनिटचा मामला.

हाताशी मल्टिमीटर, त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम, प्लास्टिकची ट्रिम टूल्स आणि होल्डरसह २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब हवा. बल्ब विसरू नका. एका धाग्यावर टिकलेली वायरही मल्टिमीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, लोड आला की बसते. फ्यूज तपासून युनिटचा प्लग काढा, प्लस आणि ग्राउंडमध्ये बल्ब लावून मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट आली तर वायर किंवा ग्राउंड शोधा. कॅनसाठी बॅटरी काढून ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ६० ओहम मिळायला हवेत, १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर) तुटलाय. मध्ये गेटवे (वेगवेगळ्या कॅन लाइन जोडणारं मॉड्यूल) असेल तर हे माप युनिटच्या लाइनचं नसतं, डायग्राम बघूनच ठरवा.

नागपुरात सगळ्यात जास्त वेळ अँटेनाला द्या. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात शार्क फिनखालचं (छतावरच्या अँटेनाच्या कव्हरखालचं) रबर कडक होतं, आणि जूनचा पहिला पाऊस तिथूनच आत शिरतो. छताचं अस्तर मागून थोडं खाली घ्या. अँटेना केबलच्या रंगीत फाक्रा कनेक्टरांत जांभळा मोबाइलचा, निळा जीपीएसचा. मधल्या पिनेवर हिरवट थर दिसला तर नुसता क्लीनर मारून भागत नाही. पाणी जाळीतून केबलभर उतरलेलं असू शकतं. केबलची दोन्ही टोकं सोडवून मधली तार आणि जाळी यांत ओहम मोजा. काहीही आकडा आला तर केबलच बदला.

बहुतेक युनिटांत स्वतःची छोटी बॅटरी असते, त्यामुळे १२ व्होल्ट काढूनही युनिट बराच वेळ जागं राहतं. एसओएस बटण मात्र सहज म्हणून दाबू नका, तो कॉल खराच लागतो. सर्व्हिस मोडमधून चाचणी घ्या, नाहीतर कॉल सेंटरला आधी कळवा.