गर्दी नसताना झू कसं बघायचं

सुट्ट्या संपल्या, शाळा सुरू झाल्या, आभाळ भरून आलंय किंवा मस्त थंडी पडलीय, अशा एखाद्या आडवारी झूला जायचं, एरवी प्राण्यांपेक्षा माणसांची डोकीच जास्त दिसतात. फक्त निघायच्या आधी वेळ चेक करा कारण बऱ्याच झूंना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, ऑफ-सीझनला गेट लवकर बंद होऊ शकतं, एखाद-दोन पिंजरे दुरुस्तीला काढलेले असतात आणि कँटीनचा तर भरवसाच नाही, त्यामुळे खायला सोबत ठेवा (मी एकदा नव्हतं नेलं, अख्खा दिवस एका बिस्किटच्या पुड्यावर काढला).

गेट उघडल्या उघडल्या आत शिरा. सकाळी प्राणी हिंडताना दिसतात, दुपारी नुसत्या पाठी. सिंहाचं तर विचारूच नका, दिवसाचे २० तास लोळू शकतो तो. थंडी असेल तर सायबेरियन वाघ, हिमबिबट्या असले गडी आधी गाठा, गारठ्यात ते तरतरीत असतात. साप-मगरींचं उलटं, ते दिव्याच्या उबेला दगडासारखे पडून राहतात, पण तिकडे छप्पर असतं म्हणून पाऊस आला की पळायला ती जागा राखून ठेवा. बाहेरच्या गारव्यातून तिथल्या दमट हवेत गेलं की कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, सारखं पुसत बसू नका, कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. फोटो काढताना लेन्स काचेला टेकवायची, फ्लॅश बंद.

आणि सगळं बघून संपवायचा हट्ट सोडा. पेलिकनना मासे कधी घालतात ते तिथल्या माणसाला विचारून अर्धा तास आधीच जाऊन उभे राहा. बऱ्याच ठिकाणी बाहेरचे रातबगळे आधीच कठड्यावर येऊन बसलेले असतात, मान खांद्यात घालून, जणू आपला काही संबंधच नाही, आणि एखादा मासा कडेला निसटला की उचलून पसार! फुकटे, पण बघायला पेलिकनपेक्षा भारी.

शेजारी बाग किंवा तळं असेल तर उतरत्या उन्हात एक फेरी होतेच, पानगळ झालेली असेल तर झाडांवरची घरटी उघडी दिसतात. गेट बंद झालं तरी लगेच निघू नका, भिंतीकडेच्या रस्त्याने जरा रेंगाळा. सिंहाची गर्जना शांततेत ८ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते, आणि दिवसभर लोळलेले साहेब बहुतेक तेव्हाच तोंड उघडतात.