टॉवेल वाळेनात म्हणून ड्रायरचा पाइप बदलला - माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत, घर जुनं, आणि ड्रायर दोनदा फिरवला तरी टॉवेल दमटच, वर लाँड्री रूममध्ये नुसतं उकडायचं. नवीन मशीन घ्यायच्या आधी दमट गरम हवा घराबाहेर नेणारा मागचा पाइप काढून बघा म्हणून हे लिहितोय. आधीच्या मालकाने पांढरा प्लॅस्टिकचा घड्यांचा पाइप लावलेला, प्रत्येक घडीत करडा लिंट (कपड्यांचे सुटलेले तंतू) गोधडीसारखा दाटलेला, बोटाने ओढला तर अख्खा पट्टाच हातात आला. हा लिंट पेटायला वेळ लागत नाही, आणि गॅसचा ड्रायर असेल तर पाइप तुंबल्यावर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही घरात साठू शकतो.

मग ४ इंची कडक पत्र्याचा पाइप आणला, जमेल तितका सरळ बसवला. इथल्या कोडमध्ये (बांधकामाच्या नियमांत) साधारण ३५ फूट लांबी चालते, पण प्रत्येक साध्या काटकोनी एल्बोमागे (पाइप वळवायच्या जोडामागे) ५ फूट वजा. जोडताना एका पाइपचं दुसऱ्याच्या आत जाणारं टोक हवा वाहते त्या दिशेने ठेवायचं, आणि लांब स्क्रू मारू नका हां, आत आलेल्या टोकांना लिंट अडकतो. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप, कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते.

बाहेरच्या तोंडाला कोणीतरी पक्ष्यांसाठी जाळी ठोकलेली, ती तर पार बुजलेली! काढली, तिथे नुसती झडप पुरते. आता ड्रायर लावला की झडप पूर्ण उघडते, टॉवेल एका फेरीत वाळतात. फक्त मशीन मागे ढकलताना पाइप चेपत नाही ना ते टॉर्चने बघा.