शब्द आणि हातवारे यांतलं अंतर कसं मोजावं

‘तो गोल गोल फिरत वर गेला’ असं कुणी सांगतो तेव्हा त्याचा हात बहुतेक वेळा ‘गोल’ हा शब्द तोंडातून निघण्याआधीच फिरू लागलेला असतो. ऐकणाऱ्याला हे अंतर जाणवत नाही. हात आणि आवाज मिळून एकच अर्थ त्याच्यापर्यंत पोचतो. मेंदू हे जोडकाम कसं करतो हे समजून घ्यायचं तर आधी ते अंतर नीट मोजता यायला हवं. त्यासाठी एक कॅमेरा, एक माइक आणि दोन मोफत सॉफ्टवेअर पुरतात. खरी अडचण वेगळीच आहे: मोजणाऱ्याचा मेंदूही तेच जोडकाम करत असतो. आवाज ऐकत हात पाहिला, की हाताची सुरुवात नकळत शब्दाच्या जवळ नोंदवली जाते. पुढची सगळी काळजी त्यासाठीच आहे.

चित्रीकरण

एकमेकांना ओळखणाऱ्या दोन व्यक्ती समोरासमोर बसवा. खुर्च्यांना हात नकोत आणि मध्ये टेबल नको, कारण टेकलेला हात कमी हलतो. हातात पेन, कप, मोबाइल काहीही नको. एकाला संवाद नसलेली छोटी ॲनिमेशनपट्टी दाखवा आणि ती दुसऱ्याला सांगायला लावा. दुसऱ्याने ती आधी पाहिलेली नसावी. दोघांना माहीत असलेली गोष्ट सांगताना हातवारे आटोपशीर होतात.

कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवा. चौकटीत डोक्याच्या वरपासून गुडघ्यांपर्यंतचा भाग आणि दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढी जागा हवी. सेकंदाला 25 फ्रेम घेतल्या तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची होते, 50 घेतल्या तर 20 ची. 50 च घ्या. शटर 1/100 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि भरपूर प्रकाश द्या. अंधूक खोलीत वेगाने हलणारा हात पुसट दिसतो आणि हालचाल नेमकी कुठे सुरू झाली हे कळत नाही.

मोबाइलवर चित्रीकरण केलं असेल तर फ्रेमची गती कमीजास्त झालेली असू शकते. नोंदी करण्याआधी फाइल स्थिर गतीत बदलून घ्या, नाहीतर मिनिटागणिक चूक वाढत जाते. माइक वायरचा असावा. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो, आणि मोजायचं आहे ते नेमकं उशिराचंच गणित. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. तळवे भिडल्याची फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं उभं टोक दोन्ही ठिकाणी जुळले पाहिजेत. फक्त सुरुवातीची टाळी जुळली आणि शेवटची सरकली, तर दोन उपकरणांची घड्याळं वेगळी चालली आहेत असं समजा आणि आवाज तेवढा ताणून घ्या.

‘हातवाऱ्यांचा अभ्यास आहे’ असं आधी सांगू नका, कारण ते कळल्यावर हात आखडतात. ‘संभाषणाचा अभ्यास’ म्हणून चित्रीकरणाची संमती घ्या, संपल्यावर खरा हेतू सांगा आणि फाइल पुसून टाकण्याचा पर्याय द्या. हे टाळू नका.

नोंदी: आधी मुका हात, मग आंधळा आवाज

हालचालींच्या नोंदीसाठी ईलान (ELAN) हे सॉफ्टवेअर वापरा. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत ते तयार झालं. उजव्या हाताचा थर वेगळा, डाव्याचा वेगळा करा. आवाज पूर्ण बंद करा. हातवाऱ्याचे टप्पे हातवाऱ्यांचे अभ्यासक ॲडम केंडन यांच्या मांडणीनुसार पाडतात: हात विश्रांतीतून उठतो ती तयारी, अर्थ वाहणारा जोरकस भाग म्हणजे स्ट्रोक, हवेत थबकतो तो थांबा, आणि मग परतणं.

सगळ्यात जास्त चुका तयारी आणि स्ट्रोकच्या सीमेवर होतात. तिथे एकेक फ्रेम पुढे-मागे करून दोन गोष्टी पाहा: बोटांनी ठरावीक आकार कधी धरला आणि हालचालीची दिशा किंवा वेग कधी बदलला. ‘गोल फिरत’ मध्ये हात मांडीवरून वर येतो, तर्जनी बाहेर निघते, मनगट क्षणभर थबकतं आणि मग वळायला लागतं. वळण सुरू झालेली पहिली फ्रेम ही स्ट्रोकची सुरुवात. तर्जनी निघाली तिथे खूण केली तर अंतर उगाच मोठं येईल. एका मिनिटाच्या चित्रीकरणाला तासभर सहज लागतो, घाई करू नका.

आता चित्र झाका आणि शब्दांच्या सीमा प्राट (Praat) या आवाज तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या आलेखावर आखा. त्यानंतरच दोन्ही एकत्र पाहा आणि प्रत्येक स्ट्रोकचा जोडीदार शब्द ठरवा, म्हणजे ज्याचा अर्थ हात दाखवतो आहे तो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, त्यामुळे हाताने दाखवलेली क्रिया आणि क्रियापद यांत बरंच अंतर पडू शकतं. जोडीदार क्रियापद आहे की त्याआधीचं क्रियाविशेषण, हे वेगळ्या थरावर लिहा. जोडीदार ठरतच नसेल तर तो हातवारा गणनेतून वगळा, ओढूनताणून शब्द चिकटवू नका. केवळ ताल धरणाऱ्या हातांना अर्थाचा जोडीदार नसतो. त्यांचं अंतर जोर पडलेल्या अक्षरापासून मोजा.

शब्दाच्या सुरुवातीतून स्ट्रोकची सुरुवात वजा करा. उत्तर धन आलं तर हात आधी. सरासरीऐवजी मध्यक द्या, कारण दोन-चार लांबलचक अंतरं सरासरी बिघडवतात. बहुतेक नोंदींमध्ये शब्दच आधी येऊ लागला, तर निष्कर्ष काढण्याआधी टाळी पुन्हा तपासा.

ऐकणाऱ्याची बाजू

दुसरा भाग मेळ मुद्दाम बिघडवून करायचा. ‘तिने भाजी चिरली’ या वाक्याला चिरण्याचा हात, त्याच्याशी मिळताजुळता कापण्याचा हात आणि पिळण्याचा हात असे तीन व्हिडिओ करा. स्पेन्सर केली, अस्ली ओझ्युरेक आणि एरिक मारिस या संशोधकांनी 2010 मध्ये अशाच पायऱ्या वापरल्या. विसंगती जितकी ठळक तितक्या ऐकणाऱ्यांच्या उत्तरांत चुका जास्त झाल्या. फक्त बोलण्याकडे लक्ष द्या असं सांगूनही हाताचा परिणाम गेला नाही.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, बोलता बोलता विसंगत हातवारा करायला लावला तर आवाजही बदलतो. हाताच्या ठोक्याने उच्चारावरचा जोर बदलतो, हे एमिएल क्राहमर आणि मार्क स्वेर्ट्स यांनी 2007 मध्ये दाखवलं आहे. म्हणून आवाज हात स्थिर ठेवून वेगळा घ्या आणि तोच तिन्ही व्हिडिओंवर बसवा. दुसरा सापळा ओठांचा. ते आवाजाशी जुळत नाहीत हे लगेच कळतं, म्हणून चेहरा झाका. प्रत्येक सहभागीला एका वाक्याची एकच आवृत्ती दाखवा, मधून हातवारे नसलेली वाक्यंही पेरा.

वेळेचा परिणाम पाहायचा असेल तर आवाज स्ट्रोकपासून 0, 160 आणि 360 मिलिसेकंदांनी उशिरा सुरू करा. ही पायरी 2011 मधल्या एका मेंदूलहरी प्रयोगातली आहे. अर्थ जुळत नसल्याची खूण म्हणजे एन-400 ही लहर. शब्दानंतर सुमारे 400 मिलिसेकंदांनी शिखर गाठणारी ही ऋण लहर मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केली. 2011 च्या त्या प्रयोगात विसंगतीचा परिणाम 0 आणि 160 वर दिसला, 360 वर नाही. पण या आकड्याला सर्वत्र लागू होणारी मर्यादा समजू नका. तो सुट्या शब्दांचा प्रयोग होता आणि सलग संभाषणात पुढचंमागचं वाक्य मदतीला असतं.

मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या प्रयोगांत या जोडकामाशी दोन भाग वारंवार जोडले जातात: डाव्या कपाळामागचा खालचा पट्टा, ज्यात भाषेशी निगडित ब्रोकाचं क्षेत्र येतं, आणि कानामागे पसरलेला शंखखंडाचा मागचा भाग. पण त्या प्रतिमा रक्तप्रवाहावरून काढतात आणि तो सेकंदांच्या गतीने बदलतो. 160 आणि 360 मधला फरक त्यांतून शोधू नका. त्यासाठी लहरीच हव्यात. लहरींवरून नेमकी जागा मात्र सांगता येत नाही.

निष्कर्ष लिहिण्याआधी एकूण नोंदींपैकी किमान 20 टक्के भाग दुसऱ्या माणसाला, तुमच्या खुणा न दाखवता, मुक्या चित्रावर नोंदवायला द्या. हातवाऱ्यांच्या प्रकारांसाठी कोहेनचा कॅपा (दोघांच्या नोंदी किती जुळतात याचं माप) काढा, सीमांसाठी फ्रेममधला फरक. तुमचं एकूण अंतर दोनशे मिलिसेकंद असेल आणि दोघांच्या खुणांतच पाच-सहा फ्रेमचा फरक पडत असेल, तर 50 फ्रेमच्या चित्रीकरणात ते 100 ते 120 मिलिसेकंद झाले. अशा वेळी स्ट्रोकची व्याख्या दोघांनी बसून पुन्हा ठरवा आणि सगळ्या नोंदी पहिल्यापासून करा.