अक्रोडांचं पोतं

चित्रकलेच्या पहिल्या वर्षी अनॅटॉमीची, म्हणजे शरीररचनेची, थिअरी मला उत्तम जमली. स्नायूंची नावं तोंडपाठ होती. दुसऱ्या वर्षी लाइफ क्लासला, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलवरून चित्र काढायच्या वर्गाला, बसले आणि मॉडेलच्या पाठीवर तेच स्नायू शोधशोधून काढले. सरांनी बराच वेळ चित्र पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हा माणूस कुठल्या पायावर उभा आहे?" माझ्या चित्रावरून ते कळत नव्हतं.

नंतर वाचताना सापडलं की लिओनार्दो दा विंचीने ही चूक पाचशे वर्षांपूर्वीच हेरली होती. सगळेच स्नायू ठासून दाखवणाऱ्या चित्रकारांच्या नग्नाकृती अक्रोडांच्या पोत्यासारख्या दिसतात, असं त्याने लिहून ठेवलंय. ज्याने स्वतःच्या हाताने प्रेतं उघडून रेखाटनं केली, तो हे म्हणतोय. मला ते फार लागलं, आणि पटलंही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनो, स्नायू थोडे थांबू देत. हाडं आधी. चित्रकलेवर ग्रंथ लिहिणाऱ्या इटलीच्या आल्बेर्तीने १४३५ सालीच हा क्रम सांगितला होता: हाडं, त्यावर स्नायू, मग मांस आणि त्वचा. पण सगळी हाडं नकोत. जिथे हाड थेट कातडीखाली येतं त्या जागा पकडा: गळ्याखालची खाच, कोपर, मनगटाचा करंगळीकडचा उंचवटा, कमरेच्या हाडाची कड, गुडघा, नडगी, घोटा. मॉडेल जाड असो की बारीक, या जागा सहसा सापडतात. एका पायावर भार असेल तर गळ्याच्या खाचेतून ओळंबा सोडून बघा, तो साधारण त्याच पायाच्या घोट्याशी उतरतो. त्या बाजूचा खुबा वर जातो, खांदा बहुधा खाली येतो. एवढं आलं की चित्रातला माणूस उभा राहतो. मला हे समजायला दोन सत्रं लागली.

प्लास्टरचे सोललेले, म्हणजे कातडीखालचे स्नायू दाखवणारे, पुतळेही (कास्ट) बघून काढा, सगळ्या बाजूंनी. फक्त ते कुठून आले हे माहीत असू द्या. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ ची. तिथले अनॅटॉमीचे पहिले प्राध्यापक विल्यम हंटर. १७७६ मध्ये फाशी गेलेल्या एका माणसाचं शव, अंग ताठरण्याआधी, 'मरणोन्मुख गॉल' या प्राचीन शिल्पाच्या पोझमध्ये बसवलं, मग कातडी काढून कार्लिनी या शिल्पकाराने त्याचा साचा घेतला. तो तस्कर होता अशा समजुतीने त्याला 'स्मगलेरियस' हे लॅटिन वळणाचं टोपणनाव पडलं. विद्यार्थी त्यावरून शिकत राहिले. त्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे मुंबईची कलाशाळा १८५७ ची, पण नग्न मॉडेलवरून लाइफ क्लास रुजला तो तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या आसपास. समोर श्वास घेणारा माणूस असणं किती मोठी गोष्ट आहे, हे कास्टवर महिनाभर घासल्याशिवाय कळत नाही. श्वासाबरोबर बरगड्या हलतात, पाय अवघडला की भार सरकतो.

आमच्या वर्गात पोज देणाऱ्या मावशींचा डावा पाय विसाव्या मिनिटाला थरथरू लागायचा. तेव्हा कोळसा खाली ठेवा आणि त्यांना बसायला स्टूल द्या. चित्र उद्या पूर्ण होईल.