कमांड लाइनवरून टेप लायब्ररी चालवताना

टेप लायब्ररी बाहेरून एकच यंत्र दिसत असली, तरी लिनक्सच्या दृष्टीने तिच्यात किमान दोन स्वतंत्र उपकरणे असतात. एक म्हणजे स्लॉटमधली (टेप ठेवण्याच्या खणातली) टेप उचलून ड्राइव्हमध्ये ठेवणारा रोबोट, ज्याला चेंजर म्हणतात, आणि दुसरे म्हणजे त्या टेपवर प्रत्यक्ष लिहिणारा-वाचणारा ड्राइव्ह. टेपवर काय लिहिले आहे याचा चेंजरला पत्ता नसतो आणि आपल्यातली टेप कोणत्या स्लॉटमधून आली हे ड्राइव्हला ठाऊक नसते. म्हणूनच चेंजरसाठी ‘एमटीएक्स’ आणि ड्राइव्हसाठी ‘एमटी’ अशा दोन वेगळ्या कमांड आहेत, आणि त्या दोघांकडची माहिती एकमेकींशी जुळवून घेण्याची जबाबदारी लायब्ररी चालवणाऱ्यावर येते. पुढील विवेचन दोन एलटीओ-८ (एलटीओ या टेप-प्रकाराची आठवी पिढी) ड्राइव्ह आणि २४ स्लॉट असलेल्या लायब्ररीला धरून केले आहे. कमांड येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात.

प्रथम उपकरणे ओळखावीत. ‘एलएसस्कझी -जी’ ही कमांड दिली की प्रत्येक उपकरणाची एक ओळ येते. ज्या ओळीत ‘मीडियमएक्स’ असा प्रकार दिसतो तो चेंजर, आणि ‘टेप’ असा प्रकार दिसतो ते ड्राइव्ह. शेवटच्या रकान्यात ‘/डेव्ह/एसजी४’ यासारखे नाव असते व एमटीएक्सला चेंजरचे तेच नाव द्यायचे असते. मात्र हे क्रमांक सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ते कधीही लिहू नयेत. ‘/डेव्ह/टेप/बाय-आयडी’ या फोल्डरमध्ये उपकरणांच्या अनुक्रमांकांवरून तयार झालेली स्थिर नावे असतात, तीच वापरावीत. ‘चेंजर’ आणि ‘टेप’ या नावांची दोन एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स (ही मात्र मोठ्या अक्षरांत) ठरवून ठेवली, तर प्रत्येक वेळी ‘-एफ’ हा पर्याय देऊन उपकरणाचे नाव लिहिण्याचा त्रासही वाचतो.

येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. एमटीएक्सचा ड्राइव्ह ० म्हणजे लिनक्सचा ‘/डेव्ह/एनएसटी०’ असेलच असे नाही. एमटीएक्स लायब्ररीतील जागेप्रमाणे क्रमांक देते, तर लिनक्स उपकरण सापडेल त्या क्रमाने देतो. ‘टेपइन्फो’ या कमांडने प्रत्येक ड्राइव्हचा अनुक्रमांक काढून तो लायब्ररीच्या पॅनेलवर दिसणाऱ्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. हे न करता लिहायला सुरुवात केली, तर रोबोट एका ड्राइव्हमध्ये टेप ठेवतो आणि बॅकअप शेजारच्या ड्राइव्हमधल्या जुन्या टेपवर जातो.

यानंतरची सर्वांत उपयुक्त कमांड ‘एमटीएक्स स्टेटस’ ही होय. तिच्या पहिल्या ओळीत २ ड्राइव्ह, २४ स्लॉट आणि त्यांपैकी १ इम्पोर्ट-एक्स्पोर्ट (टेप आत-बाहेर करण्याचा, म्हणजेच मेल स्लॉट) अशी बेरीज दिसते. त्याखाली ‘डेटा ट्रान्सफर एलिमेंट ०: फुल (स्टोरेज एलिमेंट ५ लोडेड): व्हॉल्यूमटॅग = पीएन०००५एल८’ अशा ओळी येतात. याचा अर्थ असा की ड्राइव्ह ० मध्ये टेप आहे, ती स्लॉट ५ मधून आली आहे आणि तिच्या बारकोडवर ही आठ अक्षरे आहेत. लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे ड्राइव्हची मोजणी ० पासून सुरू होते आणि स्लॉटची १ पासून. बारकोडमधील पहिली सहा अक्षरे आपण ठरवतो, तर शेवटची दोन टेपची पिढी सांगतात. ती सजावट नव्हे. एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-७ ची टेप वाचतो आणि लिहितो, पण एलटीओ-६ ची टेप वाचूही शकत नाही. त्यामुळे चुकीचे लेबल चिकटवलेली टेप बॅकअप सॉफ्टवेअरला बेलाशक फसवते.

स्लॉट ५ मधली टेप ड्राइव्ह ० मध्ये आणण्यासाठी ‘एमटीएक्स लोड ५ ०’ अशी कमांड द्यावी. रोबोटचे काम संपून प्रॉम्प्ट परत आला, तरी ड्राइव्हचे काम तोवर संपलेले नसू शकते, कारण टेप आत ओढून रिळावर घेण्यास त्याला आणखी थोडा वेळ लागतो. या अवधीत दिलेली एमटीची कमांड त्रुटी दाखवते आणि घाईने लिहिलेली स्क्रिप्ट तिथेच कोलमडते. म्हणून ‘एमटी स्टेटस’च्या उत्तरात ‘ऑनलाइन’ हा शब्द दिसेपर्यंत दर काही सेकंदांनी विचारत राहणारा लूप स्क्रिप्टमध्ये असावा. टेप परत ठेवताना आधी ‘एमटी ऑफलाइन’ आणि मग ‘एमटीएक्स अनलोड ५ ०’ हा क्रम पाळावा. काही लायब्ऱ्या टेप स्वतःच बाहेर काढून घेतात, पण सर्वच नाही, आणि हा क्रम दोन्हीकडे चालतो. वीज गेल्यानंतर ड्राइव्हमधील टेपच्या मूळ स्लॉटच्या जागी ‘अननोन’ दिसू लागला, तर एमटीएक्सला अंदाज बांधू न देता रिकामा स्लॉट आपणच सांगावा.

लिहिताना उपकरणाच्या नावातील एक अक्षर फार महाग पडू शकते. ‘एसटी०’ हे उपकरण बंद होताच टेप सुरुवातीला गुंडाळते, तर ‘एनएसटी०’ ती आहे तिथेच ठेवते. पहिला बॅकअप ‘एसटी०’वर घेऊन लगेच दुसरा घेतला, तर दुसरा पहिल्यावरच लिहिला जातो. शिवाय टेपवर मध्येच लिहिले की त्यापुढचा सगळा मजकूर नेहमीच्या मार्गाने हाती लागेनासा होतो, मग तो भौतिकदृष्ट्या तिथे असो वा नसो. जुन्या बॅकअपच्या पुढे भर घालायची असल्यास आधी ‘एमटी ईओडी’ देऊन लिहिलेल्या मजकुराच्या शेवटी जावे. प्रत्येक टेपवरची पहिली फाइल म्हणून तिचा बारकोड लिहिलेली छोटी मजकूर-फाइल ठेवावी, आणि स्क्रिप्टने पुढे लिहिण्याआधी ती वाचून एमटीएक्सने दाखवलेल्या बारकोडशी ताडावी, असे माझे ठाम मत आहे. रोबोट आणि ड्राइव्ह एकाच टेपविषयी बोलत आहेत याची याहून स्वस्त खात्री नाही.

फाइल एकत्र बांधणारी ‘टार’ ही कमांड वापरत असाल तर ‘-बी ५१२’ हा पर्याय द्यावा, म्हणजे ब्लॉक (टेपवर एका वेळी लिहिला जाणारा तुकडा) २५६ किलोबाइटचा होतो. तत्पूर्वी ‘एमटी सेटब्लॉक ०’ देऊन ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकवर ठेवावा (ही कमांड ‘सेटबीएलके’ अशा संक्षिप्त रूपात टंकतात). पुढे कधी हीच टेप लहान ब्लॉक सांगून वाचू गेल्यास ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ असा संदेश येतो. तो वाचून सर्व्हरची रॅम तपासत बसू नये, केवळ वाचताना तोच ब्लॉक सांगावा. वेगाचेही भान हवे. एलटीओ-८ संक्षेपाशिवाय (कॉम्प्रेशनशिवाय) सेकंदाला ३६० मेगाबाइटपर्यंत लिहितो आणि माहिती हळू आली तर काही प्रमाणात वेग कमी करून घेतो. पण ती फारच हळू आली तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते आणि हे चक्र टेप व हेड दोहोंना झिजवते. लाखो बारीक फाइल थेट टेपवर पाठवण्याऐवजी आधी डिस्कवर गोळा कराव्यात किंवा मध्ये माहिती तात्पुरती साठवून पुढे देणारा ‘एमबफर’ हा प्रोग्राम ठेवावा.

ड्राइव्हच्या तक्रारी टेपअलर्ट या स्वरूपात साठतात आणि ‘टेपइन्फो’ त्या दाखवते. त्यात २० क्रमांकाचा इशारा म्हणजे ताबडतोब स्वच्छता, तर २१ म्हणजे नेहमीच्या स्वच्छतेची वेळ. स्वच्छतेच्या टेपचा बारकोड ‘सीएलएन’ने सुरू होतो, ती साध्या टेपसारखीच लोड करावी. विनाकारण स्वच्छता करू नये, कारण ती टेप ठरावीक वेळाच वापरता येते.

टेप बाहेर काढायची असल्यास ‘एमटीएक्स ट्रान्सफर ५ २४’ देऊन ती मेल स्लॉटमध्ये आणावी. दीर्घकाळ जपायच्या एलटीओ टेपांसाठी १६ ते २५ अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते, त्यामुळे मुंबई किंवा कोकणातल्या पावसाळ्यात साध्या कपाटावर विसंबणे योग्य नाही, आणि बाहेरून आलेली टेप दिवसभर सर्व्हर रूममध्ये राहू देऊनच लोड करावी. नवीन टेप आत घातल्यावर ‘एमटीएक्स इन्व्हेंटरी’ देऊन बारकोड पुन्हा वाचून घ्यावेत. लायब्ररी बाक्युला किंवा बॅरिओस या बॅकअप सॉफ्टवेअरच्या ताब्यात असेल, तर ते सॉफ्टवेअर चालू असताना एमटीएक्सने टेपा हलवू नयेत. हलवणे भागच पडले, तर काम संपताच त्याच्या कन्सोलमध्ये ‘अपडेट स्लॉट्स’ द्यावे, म्हणजे पुढील रात्रीचे काम टेपच्या जुन्या जागा गृहीत धरून सुरू होणार नाही.