अकरा ते पाच: सुट्टीत पाचवी ते आठवीच्या मुलांना वाचतं कसं करावं

एप्रिल संपता संपता परीक्षा आटोपते आणि आठ दिवसांत घरात रिमोटवरून मारामाऱ्या सुरू होतात. बाहेर पारा 45 अंशांकडे निघालेला असतो. अकरा ते पाच पोरांना बाहेर सोडायची सोय नसते, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दहालाच रस्ते ओस पडतात. या उन्हापायीच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. सुट्टी लांब आणि तिचा अर्धा भाग कुलरसमोर, असा नागपूरचा उन्हाळा. आई-बापांना तो डोक्याला ताप वाटतो. मला विचाराल तर वाचनासाठी याहून चांगला मोसम नाही, फक्त त्यात आपण मास्तरकी करायला जाऊ नये.

माझ्या हातून ती झाली. मुलगी सहावीत गेली त्या वर्षी मी वीस पुस्तकांची यादी केली, फ्रिजवर तक्ता लावला आणि प्रत्येक पुस्तकामागे दहा रुपये जाहीर केले. अमरावतीहून आलेल्या भाच्यानं दोन दिवसांत घरातली सगळ्यात बारीक नऊ पुस्तकं ‘वाचली’ आणि नव्वद रुपये मागितले. पोट्टा हिशेबात पक्का निघाला. मुलीनं तर मलपृष्ठावरचा मजकूर वाचून खुणा केल्या होत्या. पैसे दिले आणि तक्ता काढून टाकला.

आधी जागा करा

मे महिन्यात आपण खिडक्या-पडदे लावून घर अंधारं करतो. त्या उजेडात पुस्तक दिसत नाही, मोबाइल मात्र झकास दिसतो. निम्मा पराभव इथेच होतो. म्हणून दुपारी पोरं जिथे लोळतात तिथेच एक दिवा लावा. कुलरच्या थेट झोतात बसवू नका. पानं फडफडतात, दमट हवेनं कडा वाकतात आणि वाचनालयाचं पुस्तक असेल तर बोलणी आपल्याला खावी लागतात. बाजूला गादी टाका, जवळ पाण्याची बाटली ठेवा. पुस्तकं कपाटात रचू नका. पाच-सहा पुस्तकं टोपलीत, हाताला लागतील अशी पडू द्या आणि दर आठवड्याला त्यातली दोन-तीन बदला.

वेळ ठरवायची तर जेवणानंतरचा पाऊण तास पुरे. तेवढा वेळ घरातले सगळे फोन एका ताटात, मोठ्यांचेसुद्धा. आपण रील बघत ‘वाच रे’ म्हणालो तर पोरगं तोंडावर काही बोलणार नाही, पण वाचणारही नाही.

मग निवड त्यांच्यावर सोडा

पाचवी ते आठवीचं वय अडनिडं असतं. परीकथा बाळबोध वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या डोक्यावरून जातात. अशा वेळी आपण आपल्या लहानपणचं आवडतं पुस्तक पुढे करतो आणि त्यांनी ते बाजूला सारलं की रुसून बसतो. ते पुस्तक टोपलीत राहू द्या, पण त्याची शिफारस करू नका.

सुरुवात पोराच्या डोक्यात आधीच जे भिनलंय तिथून करावी. दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. ती आपल्या नागपूरची. तुमच्या घरचं पोरगं पटापुढून उठत नसेल तर त्याच्या हाती बुद्धिबळाच्या डावांचं पुस्तक द्या. डाव उलगडत एकेक चाल वाचणं हेसुद्धा वाचनच आहे, आणि चांगलं चिवट वाचन आहे. क्रिकेटवेड्याला वर्तमानपत्राचं क्रीडापान आणि जुन्या सामन्यांची वर्णनं द्या. डायनोसॉरवाल्याला सांगा की चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचे जीवाश्म सापडले आहेत. मग बघा, नकाशा स्वतःच शोधतो. त्याला संध्याकाळी रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा. अजब बंगल्याचाही उपयोग होतो. 1863 मधलं हे संग्रहालय आपण सहसा पाहुण्यांना दाखवायला जातो आणि अर्ध्या तासात बाहेर पडतो. त्याऐवजी एकच दालन बघावं आणि पाट्या मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्याव्यात. घरी येताना एक तरी प्रश्न सोबत येतो, आणि त्या प्रश्नाचं पुस्तक दुसऱ्या दिवशी टोपलीत पडलेलं असावं.

चित्रकथा, कॉमिक्स, विनोद, कोडी, गाड्यांची मासिकं, सगळं चालू द्या. ‘हे काय वाचन झालं?’ हे वाक्य सुट्टीभर तोंडातून काढायचं नाही.

पुस्तक झेपेल का, हे ताडायची एक सोपी युक्ती आहे. मधलं कुठलंही पान उघडून मुलानं वाचावं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावं. पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या जड आहे. मात्र विषयाची ओढ असेल तर मुलं जड पुस्तकही ओढून नेतात. तिथे बोटं मोजत बसू नका.

पुस्तकं आणायची कुठून

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर गाईड आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं जास्त, पण हात घातला की गोष्टींचीही निघतात. दोनशे रुपये पोराच्या हातात द्या आणि स्वतः चार पावलं लांब रसाच्या गाडीपाशी उभे राहा. घासाघीस त्यालाच करू द्या. स्वतः भाव पाडून आणलेलं पुस्तक पोरं सहसा अर्धवट टाकत नाहीत.

वाचनालयाचं सभासदत्व मुलाच्या नावानं घ्या. बर्डीवरचं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आणि महालातलं राष्ट्रीय वाचनालय जुनी आहेत. घराजवळ दुसरं असेल तर ते अधिक बरं, कारण पोरानं सायकलनं एकट्यानं जावं हा खरा हेतू. अशी वाचनालयं बहुधा सकाळ-संध्याकाळ उघडी असतात, म्हणजे ऊन उतरल्यावर जाता येतं. पहिल्या खेपेला तेवढं सोबत जा आणि पुस्तकं कशी मागायची ते दाखवा. पुढे काउंटरवरच्या काकांशी त्यालाच बोलू द्या.

फुकटचीही सोय आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. एखादी गोष्ट छापून हातात दिली तर अधिक चांगलं.

मराठी अडत असेल तर

नागपुरात हा प्रश्न घरोघरी आहे. शाळा इंग्रजी, गल्लीत हिंदी, मराठी फक्त आजीपुरती. अशा पोराला मराठी कळतं सगळं, पण जोडाक्षर आलं की डोळा अडखळतो आणि सातवीतल्या मुलाला पहिलीतल्यासारखं वाचायची लाज वाटते. त्याला मराठीची सक्ती करू नका. हिंदी, इंग्रजी, ज्यात तो भराभर वाचतो त्यात आधी वाचू द्या. मराठीला मागच्या दारानं घ्या.

आमच्याकडे ते दार आजोबांनी उघडलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वर्तमानपत्र वाचायला मनाई. रोज सकाळी पंधरा मिनिटं नातीनं वाचून दाखवायचं ठरलं. त्यांना आधी निधनवार्ता हव्या असत, मग हवामान, मग राजकारण. ती ‘अंत्यसंस्कार’वर तीन दिवस अडखळली, चौथ्या दिवशी सरळ वाचून गेली. तोवर बातम्यांवरून दोघांची वादावादी सुरू झाली होती. तुमच्याकडे आजोबा नसतील तर कुरडया घालताना आईला, पन्हं करताना मावशीला वाचून दाखवू द्या. ऐकणाऱ्याला गरज आहे असं मुलाला वाटलं की लाज पळते.

उलटंही करा. रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या की मोठ्यानं एक प्रकरण तुम्ही वाचा आणि ऐन रंगात आलं की थांबा. बारा-तेरा वर्षांची मुलंही ऐकतात, फक्त ऐकतोय असं दाखवत नाहीत.

काय विचारू नये

‘काय शिकलास?’, ‘सारांश लिही’, ‘किती पानं झाली?’ हे तिन्ही प्रश्न वाचनाला परीक्षा करून टाकतात. विचारायचंच तर ‘त्या पोराला विहिरीत कोणी ढकललं, कळलं का?’ असं विचारा. त्यासाठी तुम्हालाही ते पुस्तक वाचावं लागेल, हे खरं.

पुस्तक अर्ध्यात सोडलं तर सोडू द्या. दहा दिवस काहीच वाचलं नाही, लग्नं-बारशी झाली, मामाच्या गावी पोरं आंब्याच्या झाडावरच राहिली, तरी चालतं. टोपली आहे तिथे राहू द्या.

वाचनालयाची शेवटची फेरी मात्र शाळा उघडण्याच्या तोंडावर, जूनच्या चौथ्या आठवड्यात मारा. पुस्तक परत करायची तारीख मग आपोआप शाळा सुरू झाल्यानंतरची येते आणि छत्री घेऊन का होईना, पोराला पुन्हा त्या काउंटरपाशी जावंच लागतं.